नोकरी सांभाळून मिळवलेली एमबीए आणि 'फक्त पूर्णवेळ' ही अट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाच्या हंगामात आपल्या वृत्तपत्रात नोकरदारांसाठीच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या जाहिराती मोठ्या संख्येने येतात. सायंकालीन वर्ग, शनिवार-रविवारचे वर्ग, दूरस्थ एमबीए, ऑनलाइन एमबीए असे अनेक पर्याय त्यांत असतात आणि 'नोकरी न सोडता शिका' असे आश्वासन बहुतेकांत असते. त्याच अंकाच्या नोकरीविषयक पानावर व्यवस्थापकीय पदांच्या जाहिराती असतात आणि त्यांपैकी अनेकींच्या पात्रतेत 'पूर्णवेळ एमबीए आवश्यक. दूरस्थ अथवा अर्धवेळ पदवीधारकांनी अर्ज करू नयेत' अशा अर्थाची ओळ असते. पहिली जाहिरात वाचून ज्याने दोन-तीन वर्षे रात्री जागून पदवी मिळवली, त्याला दुसरी जाहिरात अर्ज करण्याआधीच अपात्र ठरवते. पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात माझी सारी नोकरी गेली. निवड समितीच्या बाजूने बसून मी या पदव्या वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत, म्हणून या अटीविषयी मला काही सविस्तर सांगायचे आहे.

आधी नियमांची स्थिती पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेने दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने दिलेली पदवी आणि पदव्युत्तर पदविका ही पारंपरिक पद्धतीने दिलेल्या पदवी-पदविकेशी समकक्ष मानली जाते. आयोगाने २ सप्टेंबर २०२२ रोजी जाहीर सूचना काढून हे पुन्हा स्पष्ट केले. सायंकालीन अर्धवेळ पदवी तर विद्यापीठाचीच असते, त्यामुळे तिच्या वैधतेविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. चर्चगेटजवळच्या जमनालाल बजाज संस्थेसारख्या, १९६५ मध्ये स्थापन झालेल्या आणि उद्योगजगतात मान असलेल्या ठिकाणी विपणन, वित्त आणि मनुष्यबळ या विषयांचे तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम चालत आले आहेत आणि फोर्ट, नरिमन पॉइंटच्या कचेऱ्यांतून सुटलेली माणसे तेथे संध्याकाळी येऊन बसत आली आहेत. हे सारे असूनही, समकक्षता मान्य असणे आणि नोकरीसाठी पात्र धरले जाणे या व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी कंपनीला आपल्या पदासाठी कोणती अट घालावी याचे स्वातंत्र्य आहे. सरकारी बँकांतील विशेष अधिकाऱ्यांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या जाहिरातींतही विपणन आणि मनुष्यबळ अधिकारी या पदांसाठी 'दोन वर्षांचे पूर्णवेळ' व्यवस्थापन शिक्षण मागितलेले आढळते. एका सार्वजनिक यंत्रणेने समान ठरवलेली पदवी दुसऱ्या सार्वजनिक भरतीत अपुरी ठरावी, हे नोकरदार विद्यार्थ्याला समजावून सांगणे अवघड आहे.

ही अट निव्वळ हेकेखोरपणातून आलेली नाही, हे मला प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. दूरस्थ शिक्षणाच्या नियमनाचा आपल्याकडचा इतिहास विस्कळीत आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अधिपत्याखालील दूरस्थ शिक्षण परिषदेकडे हे काम २०१३ पर्यंत होते, त्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले. मधल्या काळात परराज्यांतील काही विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे आपल्या गावोगावच्या गाळ्यांमधून आणि खासगी शिकवण्यांच्या वरच्या मजल्यांवरून चालत होती. शुल्क घेणारा एक, शिकवणारा दुसरा आणि प्रमाणपत्रावर नाव तिसऱ्याचे, अशी ती व्यवस्था होती. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांबाबत कठोर निकाल दिला. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना परीक्षा द्यायला सांगण्यात आले आणि त्यानंतरच्या पदव्या रद्द ठरल्या. तो निकाल व्यवस्थापन पदव्यांविषयी नव्हता. परंतु आमच्या क्षेत्रात त्याचा परिणाम असा झाला की 'दूरस्थ' हा शब्द दिसला की कागद बाजूला ठेवणे हाच सुरक्षित मार्ग आहे, असे अनेक मनुष्यबळ अधिकाऱ्यांनी मनाशी पक्के केले. नेमणूक केल्यावर पदवी अमान्य निघाली तर जाब विचारला जाईल. चांगला उमेदवार हातचा गेला तर त्याचा जाब कोणीच विचारत नाही.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि ते उघडपणे बोलले जात नाही. पूर्णवेळ एमबीएला नियोक्ता जे महत्त्व देतो, त्यातला बराच भाग त्या दोन वर्षांत शिकवलेल्या विषयांना नसून प्रवेशपरीक्षेला असतो. कॅट किंवा सीईटीमध्ये लाखो मुलांतून निवडला गेलेला उमेदवार हुशार असणार, असे गृहीत धरून त्याला बोलावले जाते. निवडीचे अर्धे काम संस्थेने आधीच करून दिलेले असते. याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थांना पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला आणि तो कायदा ३१ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. त्याआधीची अनेक दशके या संस्था पदविका देत होत्या आणि त्या पदविकेला कमी लेखणारा नियोक्ता मला कधी भेटला नाही. म्हणजे कागदावर पदवी लिहिले आहे की पदविका, याने खरा फरक पडत नाही, तर प्रवेशाच्या वेळी झालेल्या निवडीवर विश्वास ठेवला जातो. मुक्त विद्यापीठाचे तत्त्वच याच्या उलट आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले ते शिक्षणाचे दार अधिक लोकांसाठी उघडे राहावे म्हणून. जेथे प्रवेश खुला असतो तेथे कस परीक्षेत आणि त्यानंतरच्या कामात लागतो. तो तपासण्यासाठी नियोक्त्याला स्वतः कष्ट घ्यावे लागतात आणि नेमके तेच टाळले जाते.

बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, कामाचा अनुभव नसलेल्या मुलांची निवड करताना प्रवेशपरीक्षेच्या निकालावर विसंबणे मी समजू शकते, कारण त्यांच्याविषयी दुसरे काहीच माहीत नसते. परंतु बारा-पंधरा वर्षे उत्पादन, खरेदी, भांडार किंवा विक्री विभागात काम केलेल्या माणसाची पारख त्याच चाळणीने करणे मला अनाकलनीय वाटते. या माणसाविषयी जाणून घेण्यासारखे पुष्कळ काही उपलब्ध असते. त्याने कोणत्या जबाबदाऱ्या सांभाळल्या, त्याच्या हाताखाली किती माणसे होती, अडचणीच्या वेळी त्याने कोणता निर्णय घेतला, हे विचारता येते आणि पडताळूनही पाहता येते.

मुलाखतींतील माझा अनुभव येथे थोडा विस्ताराने सांगते. अर्धवेळ किंवा दूरस्थ पदवी घेतलेल्या उमेदवाराला मी पहिला प्रश्न नेहमी त्याच्या प्रकल्प अहवालावर विचारत असे. तयार प्रकल्प विकत देणारी दुकाने शहरात आहेत, असाइनमेंट लिहून देणारे आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्याने अहवाल विकत घेतला, त्याला मुखपृष्ठापलीकडे काही सांगता येत नाही आणि हे पाच मिनिटांत लक्षात येते. असे उमेदवार बरेच असतात, हे मी लपवणार नाही. ज्याने अहवाल स्वतः लिहिला, त्याचे बोलणे मात्र वेगळ्या जातीचे असते. भांडारात पर्यवेक्षक असलेल्या एका उमेदवाराने आपल्याच कारखान्यात पडून राहणाऱ्या सुट्या भागांवर प्रकल्प केला होता. महिनोन्महिने न हलणारा माल कोणता, तो का मागवला गेला, त्यात किती पैसा अडकला आणि खरेदी विभागाच्या मागणीपत्रात कोणता बदल केला असता तर हे टळले असते, हे त्याने कागद न पाहता सांगितले. खेळत्या भांडवलाची संकल्पना त्याने पुस्तकात वाचली ती सोमवारी रात्री आणि मंगळवारी सकाळी ती त्याच्या समोरच्या फडताळावर होती. पूर्णवेळ शिकलेल्या चांगल्या विद्यार्थ्यालाही ही संधी प्रशिक्षणाच्या दोन महिन्यांतच काय ती मिळते.

त्याच्या निवडीच्या वेळी आमच्या समितीत मतभेद झाले आणि आक्षेप एकच होता: 'पण एमबीए रेग्युलर नाही ना!' त्याच्या उत्तरांत कोणालाही खोट काढता आली नव्हती. त्याची निवड झाली, परंतु ज्या वेतनश्रेणीत पूर्णवेळ पदवीधारकाला घेतले असते, त्याच्या खालच्या श्रेणीत. अशा निर्णयाची नोंद कोठेही होत नाही. जाहिरातीतील अट निदान छापलेली तरी असते. वेतन ठरवताना होणारी ही कपात उमेदवाराला बहुधा कधीच कळत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत ही अट अधिक जाचक ठरते. लग्न, बाळंतपण, मुलांच्या शाळा, घरातील वृद्धांचे आजारपण यांतून वाट काढत तिशी-पस्तिशीत पुन्हा शिकायला बसलेल्या अनेक महिला मी पाहिल्या. दोन वर्षे नोकरी आणि घर सोडून वसतिगृहात राहणे त्यांच्यापैकी जवळजवळ कोणालाच शक्य नव्हते. पूर्णवेळ शिक्षणाची अट वरवर पाहता सर्वांना सारखी लागू होते, प्रत्यक्षात मात्र ती कोणाला गाळते, याचा हिशेब कंपन्यांनी स्वतःच्या अर्जांवरून मांडून पाहावा. जी कंपनी वार्षिक अहवालात महिला व्यवस्थापकांचे प्रमाण वाढवण्याचा संकल्प लिहिते, तिने तरी हे केलेच पाहिजे.

बाहेरून येणाऱ्या उमेदवारांइतकाच, किंबहुना त्याहून गंभीर प्रश्न कंपनीतील स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा आहे. आमच्या भागात अभियांत्रिकी पदविका घेऊन कामाला लागलेली आणि पुढे नोकरी करता करता आधी पदवी, मग एमबीए मिळवलेली माणसे मोठ्या संख्येने आहेत. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला संपर्कसत्राला जाण्यासाठी सहकाऱ्याशी पाळी बदलून घ्यावी लागते, परीक्षेसाठी हक्काच्या रजा खर्च कराव्या लागतात आणि शुल्कासाठी पतपेढीचे कर्ज काढावे लागते. वरिष्ठाची परवानगी मागायला गेले की 'शिकून झाले की हा सोडून जाणार' हे पहिले उत्तर असते. पदवी हातात आल्यावर तिची प्रत सेवा नोंदीत लावली जाते आणि बहुतेकदा प्रकरण तेथेच थांबते. पदोन्नतीच्या वेळी तीच व्यवस्थापकाची जागा बाहेरून आलेल्या तरुण पूर्णवेळ पदवीधराला दिली जाते आणि या माणसाला सांगितले जाते की नवीन साहेबाला काम समजावून दे. मग तो सोडून जातो, आणि शिकलेली माणसे टिकत नाहीत हे मूळचे मत अधिक पक्के होते. शिक्षणाला किंमत न दिल्यामुळे माणूस गेला, ही शक्यता राजीनाम्यानंतरच्या बैठकीत विचारात घेतलेली मला क्वचितच दिसली.

याच कंपन्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना नामांकित संस्थांच्या एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रमांना स्वखर्चाने पाठवतात आणि ते शिक्षण आदराने मोजतात. तेही नोकरी सांभाळूनच घेतलेले असते. शिकागो विद्यापीठाने नोकरीतील अधिकाऱ्यांसाठी एमबीएचा वर्ग १९४३ मध्येच सुरू केला आणि आज अमेरिकेत संध्याकाळी शिकून एमबीए होणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचा नोकरदारांसाठीचा अभ्यासक्रम कोणी कमअस्सल मानत नाही. तेव्हा नोकरी करत शिकण्याला नियोक्त्यांचा मुळात विरोध नाही, असेच म्हणावे लागते. शुल्क कोणी भरले आणि संस्थेचे नाव किती मोठे, यावर त्यांचे मत ठरते. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून 'कमवा आणि शिका' हा मार्ग हजारो मुलांना दाखवला, तेथे कमवत शिकलेल्या प्रौढाची पदवी दुय्यम ठरावी याचे मला मनापासून दुःख होते.

आता नोकरदार विद्यार्थ्यांविषयी थोडे. विद्यापीठाची अर्धवेळ पदवी, मान्यताप्राप्त दूरस्थ वा ऑनलाइन पदवी आणि काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे प्रमाणपत्र या तीन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. अल्पमुदतीचे प्रमाणपत्र उपयुक्त असू शकते, पण ती पदवी नव्हे, आणि बायोडेटामध्ये ते प्रमाणपत्र एमबीए म्हणून लिहिले की उमेदवाराच्या उरलेल्या सर्व दाव्यांवरचा विश्वास उडतो. 'दहा दिवसांत एमबीए' अशा जाहिरातींपासून सावध राहण्याचा इशारा २०२४ च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाला द्यावा लागला, यावरून या बाजाराची पातळी कळते. कोणत्याही ॲप कंपनीच्या विक्री प्रतिनिधीच्या फोनवर विसंबून हप्ते सुरू करू नयेत. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्थेचे, त्या अभ्यासक्रमाचे आणि त्या शैक्षणिक वर्षाचे नाव मान्यतेच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहावे. संस्थेला मान्यता असते पण अभ्यासक्रमाला नसते, असेही घडते, आणि हे शेवटच्या सत्रात कळून उपयोग नसतो.

विद्यापीठांची जबाबदारी मला याहून मोठी वाटते. नियोक्त्याने विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर प्रकल्पाची तोंडी परीक्षा खरोखर झाली पाहिजे आणि ती घेणाऱ्यांत उद्योगातील एक तरी माणूस असला पाहिजे. आज अनेक केंद्रांवर तोंडी परीक्षा म्हणजे सह्यांचा कार्यक्रम असतो. अहवाल विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणाशी निगडित असण्याचा आग्रह धरला, तर विकतच्या अहवालांचा धंदा बराचसा आपोआप आटेल, कारण दुकानदाराला सातपूरच्या किंवा चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या भांडाराची आतली माहिती असू शकत नाही. निकाल वेळेवर लावणे ही वरकरणी साधी वाटणारी बाबही येथे फार महत्त्वाची आहे. गुणपत्रिका हाती नसल्यामुळे अंतर्गत पदोन्नतीची मुदत हुकलेल्या कर्मचाऱ्यांचे अर्ज मला नाइलाजाने परत करावे लागले आहेत.

नियोक्त्यांनी सर्वांना सरसकट घ्यावे असे माझे म्हणणे नाही. पदवी मान्यताप्राप्त आहे का, हे कसून तपासावे, लेखी चाचणी घ्यावी, मुलाखत कठोर घ्यावी, खोटी माहिती देणाऱ्याला बाद करावे. माझी हरकत फक्त अर्ज उघडण्यापूर्वीच लागणाऱ्या अटीला आहे. ऑनलाइन अर्जात 'पूर्णवेळ' या रकान्यासमोर 'नाही' अशी खूण केली की पुढचे पान उघडतच नाही, आणि मग पंधरा वर्षांचा अनुभव कोणाच्याही नजरेस पडत नाही. नवख्या पदवीधरांच्या भरतीत ही अट ठेवायची असेल तर ती कंपनीने ठेवावी. पण पाच वर्षांहून अधिक अनुभव मागणाऱ्या पदांसाठी तिला काही आधार उरत नाही.

यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याची गरज नाही. पुण्यातील मराठा चेंबरसारख्या उद्योगसंघटनांनी आपल्या सभासद कंपन्यांना अनुभवी पदांच्या जाहिरातीतील मजकुराचा एक नमुना सुचवावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून विनंती आहे. त्यात एवढे असले तरी पुरेसे आहे: 'मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा संस्थेची व्यवस्थापनातील पदव्युत्तर पदवी अथवा पदविका. अर्धवेळ, दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिक्षण घेतलेल्यांनी आपल्या प्रकल्प अहवालाची प्रत मुलाखतीस आणावी.' आयबीपीएस आणि सार्वजनिक उपक्रमांच्या भरती विभागांनीही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या सूचनेच्या प्रकाशात आपल्या पात्रतेच्या अटी पुन्हा तपासाव्यात, आणि 'पूर्णवेळ' ही अट कायम ठेवायची असेल तर त्या पदाच्या कामाशी तिचा काय संबंध आहे, हे जाहिरातीत लिहावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त मनुष्यबळ व्यवस्थापक,
चिंचवड, पुणे